झिलू आणि आपांचा वठलेला माड

समुद्रकाठच्या एका गावात झिलू नावाचा एक भोळा माणूस राहत होता. त्या गावात प्रत्येक प्रश्नावर दोन तट पडत. झिलूच्या भोळेपणावर मात्र सर्वांचे एकमत होते.

झिलू तिशीचा, अंगाने दणकट. माडावर तो खारीसारखा चढे. चढण्यात त्याला तोड नव्हती. अडचण एवढीच होती, की वर पोहोचल्यावर काय करायचे हे त्याला सांगावे लागे, आणि जे सांगितले जाई ते तो करी.

त्याच गावात आपा राऊळ नावाचे पाडेली होते. माडावर चढून नारळ उतरवतो तो पाडेली. चाळीस वर्षे आपांनी पायांत काथ्याच्या दोरीचे कडे अडकवले, कमरेला कोयता लावला आणि गावातला एकूण एक माड पालथा घातला. आता गुडघे गेले होते. स्वतःच्या घराच्या पायऱ्या चढतानाही त्यांना जानकीकाकीचा, म्हणजे बायकोचा, खांदा लागे.

आणि नेमका याच काळात आपांच्या घरामागचा माड वठला. मागल्या वर्षी त्याच्यावर वीज पडली होती. शेंडा जळाला, झावळ्या गळाल्या. उरले ते साठ फुटांचे बोडके खोड. तेही घरावर झुकलेले. वारा सुटला की खोड कुरकुरे. खोड कुरकुरले की काकी हातातला घास टाकून अंगणात पळे. वर्षभरात तिचे एकही जेवण धड झाले नव्हते.

"आयकलास काय?" काकी म्हणाली. "सगळ्या गावाचे माड तुमी उतरवलास. आता आपलो माड आपल्या डोक्यार पडाची वाट बघतास?"

"खाडीपलीकडच्या बस्त्यावाक निरोप धाडलोसा," आपा म्हणाले. "पण तेका सवड गावाक होयी. हयले पाडेली सगळे गोव्याक गेले, हॉटेलांतले माड उतरवूक."

"झिलू आसा मां. तेका शिकवा."

"झिलू सांगलेला आयकता," आपा म्हणाले. "ताच माका भय."

तरीही त्यांनी झिलूला बोलावले. आठ दिवस तो लोकांच्या झाडांवर हात बसवील, मग घरामागच्या माडाला हात लावील, असे ठरले. आपांनी त्याच्याकडून एकच कबुली घेतली.

"मी सांगान ताच करूचा. आपल्या मनाचा कायएक करूचा नाय."

"होय आपा," झिलू म्हणाला.

ही कबुली झिलूने अखेरपर्यंत पाळली. पुढचे सारे नुकसान तिच्यातूनच झाले.

पहिल्या दिवशी काम होते सगुणाबाईच्या परसात. झिलूने माडाला हात लावून नमस्कार केला आणि पाहता पाहता तो शेंड्यात दिसेनासा झाला. खाली सगुणाबाई कळशी भरून घराकडे निघाली होती. वरून एक नारळ आला. तो सगुणाबाईच्या डोक्यावर पडला नाही, कळशीवर पडला. कळशी चपटी झाली.

"शिरा पडो तुज्या तोंडार!" सगुणाबाई ओरडली. "माणसाक सांगूचा तरी!"

झिलू खाली उतरला. त्याला कोणी सांगायला सांगितले नव्हते, हे त्याने नम्रपणे निदर्शनास आणले.

आपांनी कपाळावर हात मारला. "मेल्या, वर पोचलो की आधी मोठ्यान हाक मारूची. 'बाजूक व्हा' म्हणान सांगूचा. माणसा लांब पळाली, की मगेच कामाक हात घालूचो. समाजला?"

"आधी हाक. माणसा पळाली, की काम," झिलूने म्हणून दाखवले.

"शाबास," आपा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नाबर मास्तरांकडून बोलावणे आले. मास्तरांची मुलगी माहेरी आली होती. बरोबर तिचे सासूसासरे आणि नवरा शिरीष अशी पुण्याची पाहुणेमंडळी. पाहुण्यांना गऱ्यांची हौस, आणि अंगणातला फणस लगडलेला. मात्र त्याच्या एका फांदीवर आग्या माश्यांचे मोहोळ लागले होते. मास्तरांनी झिलूच्या कानाशी तोंड नेले.

"मोहोळ आसा वर," ते कुजबुजले. "आवाज करू नको. गुपचूप दोन फणस काढ आणि उतर."

झिलूने मान डोलावली. पण मास्तर हे मास्तर होते आणि आपा हे आपा होते. शब्द दिला होता तो आपांना.

तो मांजराच्या पावलांनी चढला. मोहोळापासून हातभर अंतरावर बसला. खाली पाहुणे पोह्यांच्या बश्या घेऊन बसले होते. झिलूने छाती भरून घेतली.

"बाजूक व्हाऽऽ!"

मास्तरांनी ओठांवर बोट ठेवले. पाहुणे कौतुकाने वर पाहू लागले. पळाले कोणीच नाही. तेव्हा झिलूने दुसरी हाक पहिलीपेक्षा मोठी मारली. तरी कोणी पळेना. तिसरी हाक त्याने कोयत्याची मूठ फांदीवर दणादण आपटत मारली.

आता माणसे पळू लागली. व्याही गोठ्यात शिरले आणि म्हशीच्या पोटाखाली बसले. विहीणबाईंनी डोक्यावर सतरंजी घेतली आणि सतरंजीसकट चुलीच्या खोलीत उडी मारली. मास्तर न्हाणीघरात गेले आणि आत आधीच असलेल्या जावयाशी दाराच्या कडीवरून त्यांची झोंबाझोंबी झाली. अंगणात पोह्यांच्या बश्या तेवढ्या उरल्या.

झिलूने खाली पाहिले. माणसे लांब पळाली होती. समाधानाने त्याने कामाला हात घातला.

माश्या त्यालाही चावल्या. पण चावणाऱ्या माश्यांचे काय करायचे हे आपांनी सांगितले नव्हते, म्हणून त्याने काही केले नाही.

दोन फणस खांद्यावर घेऊन तो परतला, तेव्हा त्याचा चेहरा तिसऱ्या फणसासारखा दिसत होता. काकीने त्याच्या सुजेवर चुना लावला. आपांनी आधी त्याला आणि मग स्वतःला शिव्या दिल्या.

"वर मोहोळ आसा तर हाक कसली मारतंस? चढण्याच्या आधी मान वर करून बघूचा. झाडार काय जिता दिसला, तर झाडाक हात लावूचो नाय. मुकाट मागे फिरूचा."

"वर जिता दिसला, की मागे फिरूचा."

"शाबास."

इकडे माश्यांनी गाल सुजलेल्या शिरीषरावांनी पुण्याची वाट धरायचे ठरवले होते. तिकीट काढायला मोबाइलला रेंज हवी होती, आणि मास्तरांच्या घरात रेंज नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी ते रेंज शोधत परसातल्या आंब्यावर चढले. चढता चढता रेंज मिळाली, तिकीटही मिळाले. मग त्यांनी खाली पाहिले. त्यानंतर त्यांना ना वर सरकता येईना, ना खाली.

मास्तरांचा निरोप आला, की जावई झाडावर अडकले आहेत, माणूस पाठवा. आपांनी झिलूला पिटाळले.

झिलू आंब्याखाली उभा राहिला. आधी त्याने मान वर केली.

"अहो, मी इथे आहे!" शिरीषराव फांदीला मिठी मारून ओरडले.

"दिसतास मां," झिलू म्हणाला.

"मग चढा ना लवकर! हात सुटायला आलाय माझा!"

"तुमी जिते आसात?"

"म्हणजे काय? जिवंत आहे अजून!"

"मगे जमाचा नाय," झिलू म्हणाला, आणि मुकाट मागे फिरला.

"ओ! ओ भाऊ! कुठे निघालात?"

"मागे," झिलू म्हणाला.

शिरीषरावांचा तो दिवस आंब्यावरच गेला. विहीणबाईंनी आंबे काढायच्या झेल्यात थर्मास ठेवून त्यांना दोनदा चहा पोचवला. अखेर मास्तरांनी दोन शिड्या एकीला एक बांधून सूर्यास्ताच्या सुमारास जावई उतरवून घेतला. तिकीट काढलेली गाडी तोवर रत्नागिरी ओलांडून गेली होती.

"तू तेका सोडून इलंस?" आपा म्हणाले.

"वर जिता होता, आपा. माका बोलला पण."

"अरे, तो माणूस होतो! माणूस वर दिसलो, तर सोडून येवचा नाय. जावचा, तेका दोरान आपल्या पाठीक बांधूचा आणि खाली हाडूचा. तो ओरडात, लाथा मारीत. भियालेली माणसा तशीच करतत. तेच्याकडे लक्ष देवचा नाय. हाडूचा म्हणजे हाडूचा!"

"माणूस वर दिसलो, की पाठीक बांधून खाली हाडूचा. ओरडलो तरी."

"शाबास," आपा म्हणाले, पण आता त्यांचा आवाज खोल गेला होता.

चौथ्या दिवशी आपांच्या घरी आनंद झाला. खाडीपलीकडचा बस्त्याव होडीतून उतरला. पंचक्रोशीत त्याच्या तोडीचा पाडेली राहिला नव्हता. गोव्याची कामे मध्येच टाकून तो केवळ आपांच्या शब्दाखातर आला होता. त्याने कोयत्याच्या पाठीने खोड ठोकून पाहिले, कान लावला, चारी अंगांनी फिरला.

"खोड अजून घट आसा," तो म्हणाला. "पण हो पावसापर्यंत ऱ्हवाचो नाय. आज वरसून तुकडे काढीत येतंय. दोर होयो."

दोर आणायला आपांनी झिलूला रापणकरांकडे धाडले. किनाऱ्यावरून समुद्रातले मोठे जाळे ओढणारे ते रापणकर. त्यांचे दोर एखादे घर ओढून नेतील इतके जाड. झिलू गेल्यावर बस्त्यावाने पायांत कडे अडकवले, कमरेचा रुंद पट्टा खोडाभोवती टाकला आणि तो चढू लागला.

आपांनी दीर्घ श्वास घेतला. "जानकी," ते म्हणाले, "तू आज जेवक बस."

काकीने वर्षभरात पहिल्यांदा पाट मांडला. ताट वाढले. सोलकढीची वाटी जवळ ओढली.

इतक्यात झिलू दोराची दोन वेटोळी खांद्यावर घेऊन आला. त्याने मान वर केली. माडावर माणूस होता.

"दोर हाड रे वर!" बस्त्याव ओरडला.

झिलू दोर घेऊन वर गेला. बस्त्यावाने हात पुढे केला. झिलूने तो हात धरला आणि दोन वेढ्यांत बस्त्यावाला स्वतःच्या पाठीशी आवळले.

"ए! काय करतंस? सोड!"

"भिया नकात," झिलू म्हणाला.

"कोण भियालो? मी कामाक इलंय! आपाऽ! ह्या पिश्याक आवरा होऽ!"

"ओरडतलेच," झिलूने स्वतःशीच मान डोलावली. बस्त्यावाचा पट्टा खोडाला अडकला होता, तो त्याने कापला. बस्त्यावाने लाथा मारल्या. झिलूने तिकडे लक्ष दिले नाही. खाली आपा काठी आपटत नाचत होते, आणि गेल्या वर्षभरात ते इतके हलले नव्हते.

झिलूने बस्त्यावाला अंगणात आणून अलगद ठेवले, गाठी सोडल्या, त्याच्या अंगावरची धूळ झटकली.

बस्त्यावाने चपला पायांत घातल्या, डावी उजव्यात आणि उजवी डाव्यात, आणि तशीच खाडीची वाट धरली. त्याचा कोयता वर खोडात रुतलेला होता. तो घेण्यासाठीही तो थांबला नाही.

"आपा," वळणावरून तो म्हणाला, "तुमचा घर ऱ्हवांदे नायतर पडांदे. माका परत निरोप धाडू नकात."

काकीने भरले ताट आत नेऊन झाकून ठेवले.

या खेपेस आपा ओरडले नाहीत. ओरडण्याचे त्राण त्यांच्यात उरले नव्हते. त्यांनी झिलूला जवळ बसवले आणि एखाद्या लहान मुलाला सांगावे तसे शांतपणे विचारले, "तू तो पट्टो कापलंस. तो कित्याक होतो, ठावक आसा?"

"नाय, आपा."

"मगे आयक. जेका जपूचा, तेका आधी माडाक बांधतत. मगेच कोयतो चालवतत. जपूचा ता मोकळा सोडूचा नाय. गाठ अशी मारूची, की काय झाला तरी सुटाची नाय. ह्या धंद्यात येवढा जेका कळला, तेका सगळा कळला."

"जेका जपूचा, तेका आधी माडाक बांधूचा. गाठ सुटूक नको."

"शाबास," आपा म्हणाले. या शिकवणीत चुकण्यासारखे काही नव्हते. आपांनी ती मनातल्या मनात दोनदा तपासून पाहिली आणि त्यांचा जीव जरा भांड्यात पडला.

पाचव्या दिवशी पहाटेपासून वारा सुटला. माड नुसता कुरकुरेना, कण्हू लागला. बुंध्याशी जमिनीला बोटभर भेग पडली. आता वरून तुकडे काढत बसायला वेळ नव्हता. माड आजच, आणि एकसंध, पाडावा लागणार होता. घराकडे गेला तर घर संपले. पलीकडच्या मोकळ्या शेतात गेला तर वाचले.

आपांनी बेत आखला, आणि तो निर्दोष होता. झिलूने वर जाऊन दोर बांधायचा. बारा रापणकरांनी दोराचे टोक घेऊन शेतात दूरवर उभे राहायचे. झिलूने उतरून शेताच्या अंगाने बुंध्याला खाच पाडायची, मग मागून कुऱ्हाड चालवायची, आणि आपांनी हाक दिली की सर्वांनी ओढायचे. माड जिथे पडायला हवा, तिथे आपांनी चुन्याची रेघ मारून घेतली.

काकी घरातून एकेक वस्तू बाहेर काढत होती. देव, ट्रंक, कोंबड्या. झिलू तिच्या वाटेत उभा राहिला.

"काकी, जपूचा काय काय आसा?"

काकीच्या डोळ्यांत पाणी आले. झिलूला असे काही सुचेल असे तिला वाटले नव्हते. "घर रे बाबा," ती म्हणाली. "माका दुसरा काय नको. आमी दोघांनी डोक्यार चिरे व्हावून बांधलेला घर ता. घर तेवढा जप."

"घर," झिलू म्हणाला. त्याने ते नीट ध्यानात ठेवले.

तो चढू लागला तेव्हा दोराची दोन्ही वेटोळी त्याच्या खांद्यावर होती.

"दोन दोर कित्याक रे?" आपांनी विचारले.

"नेवंदे हो," काकी म्हणाली. "शाणो झालो आता तो. माका इचारल्यान, काय जपूचा म्हणान."

एक दोर शेताकडे गेला. दुसरा खोडाच्या घराकडच्या अंगाने खाली आला. आपांना तो दिसला. पण राहिलेले टोक लोंबत असेल, असे त्यांना वाटले. झिलू उतरून मागल्या दाराने घरात शिरला. काकीला वाटले, पाणी प्यायला गेला. त्याला यायला जरा उशीर झाला. आला तेव्हा त्याच्या केसांत आढ्याची कोळिष्टके होती.

"जपूचा ता बांधलंस मरे?" वर असताना त्याने स्वतःला बांधले होते ना, या काळजीने आपांनी विचारले.

"घट्ट बांधलंय, आपा. तीन गाठी."

त्याच्या कमरेला पट्टा होता, त्यावरून आपांनी समाधान मानले.

झिलूने खाच पाडली. मग मागच्या अंगाने कुऱ्हाड घातली. एक घाव, दोन घाव, दहा घाव. रापणकरांनी दोर खांद्यांवर घेतला आणि माडाकडे पाठ करून पाय रोवले.

"ओढाऽऽ!" आपांनी हाक दिली.

"होऽऽ य्या!" रापणकरांनी ओढले.

माड थरारला. क्षणभर तो घराकडे जातो की काय, असे वाटले. काकीने कोंबडी छातीशी धरून डोळे मिटले. मग बुंध्याशी कडाड् असा आवाज झाला, आणि माड शेताच्या बाजूला कलला. सावकाश, मग भराभर, मग एकदम. चुन्याच्या रेघेवर तो असा आडवा झाला, की रेघ दिसेनाशी झाली. आपांच्या चाळीस वर्षांत इतका नेमका माड पडला नव्हता. गोठ्याचे कौल हलले नाही. कुंपणाची काठी मोडली नाही. घराला माडाचा स्पर्शसुद्धा झाला नाही.

रापणकर वळले आणि टाळ्यांसाठी त्यांनी हात वर केले.

ते हात वरच राहिले. माडापाठोपाठ आणखी काहीतरी येत होते. आधी आढे आले. आढ्याला धरून वासे आले. वाशांवरून कौले आली, आणि कौलांबरोबर मागल्या वर्षीचे वाळत घातलेले कोकम. चार भिंती तेवढ्या जागेवर राहिल्या, आणि भिंतींच्या मधोमध, लख्ख उन्हात, काकीने झाकून ठेवलेले ताट.

माड घरावर पडला नाही. घर माडावर पडले.

शेवटचे कौल घरंगळत येऊन आपांच्या पायाशी थांबले. आपांनी कौलाकडे पाहिले, मग आभाळाकडे, मग झिलूकडे.

झिलू ढिगाऱ्यावर चढला होता. त्याने वाशांत हात घालून दोर शोधला, एकेक गाठ चाचपून पाहिली. तीनही शाबूत होत्या. घाम पुसत, आनंदाने, तो आपांकडे वळला.

"बघलास, आपा? माडाक बांधलंय म्हणान बरा," तो म्हणाला. "नायतर छप्पर खंय उडान गेला असता, आणि आपण ता सोधूचा खंय?"